वापरलेले हातमोजे

केफ्लाविकच्या विमानतळावर, रात्रपाळीत,
मी लोकांना विचारते:
घोड्याला लागलेलं काही सोबत आहे का?

बहुतेकजण हसतात.
त्यांना वाटतं मी सॉसेजबद्दल विचारीन,
फार तर चीजबद्दल.

एइदिस हसली नाही.
तिने बॅग स्वतःच उघडली,
तळातून, पायमोज्यांत गुंडाळलेले
हातमोजे काढून टेबलावर ठेवले.
तपकिरी चामडं. लगाम घासून घासून
अनामिका आणि करंगळीच्या मधे काळं पडलेलं.

खोगीर तिकडेच दिलं, म्हणाली.
बूट दिले. लगाम दिला.
घोडीही.

मुग्गा तिचं नाव.
वारा पडलेला असताना सावकाश उतरणाऱ्या बर्फाला
आमच्याकडे मुग्गा म्हणतात.
सात वर्षांची, करडी. स्पर्धेसाठी जर्मनीला नेली,
तिसरी आली.
पहिली आली असती तरी तेच झालं असतं:
या बेटावरून बाहेर पडलेला घोडा
पुन्हा या बेटावर पाय ठेवत नाही.
गेलेलं परत येत नाही, ही तुमच्याकडे म्हण असेल,
आमच्याकडे कायदा आहे.

शेकडो वर्षं आमच्या घोड्यांनी
परक्या घोड्याचा श्वास घेतलेला नाही.
त्यांच्या रक्ताला बाहेरच्या खोकल्याची ओळखच नाही.
एक शिंक पुरते.
लाळ वाळलेली एक शिवण पुरते.

हे मी माहितीपत्रकात वाचलं, ते फार नंतर.

मी नऊ वर्षांची होते. स्कागाफ्योर्दुरला
आमची एक मेंढी
कुंपणाच्या खांबाला मान घासत उभी राहायची.
आई म्हणाली, लाडावलीय.
मग तिचे पाय लटपटायला लागले.
मग डॉक्टर आले, मग कागद, मग दोन ट्रक.
तीनशे बारा मेंढ्या. आजारी एक.
वडिलांनी प्रत्येकीला नावाने हाक मारून
ट्रकमध्ये चढवलं,
कारण त्याशिवाय त्या चढत नव्हत्या.

गोठ्याच्या फळ्या जाळल्या.
अंगणातली माती खरवडून नेली.
दोन उन्हाळे कुरणात गवत वाढलं, पडलं,
कुणी तोंड लावलं नाही.

खांबावर लोकरीचा पुंजका राहिला होता.
तो मी काडेपेटीत घालून उशीखाली लपवला.
मोठी माणसं खोऱ्यातला दगड न् दगड धूत होती
आणि रोग, असलाच तर,
माझ्या कानाखाली झोपत होता.

नवी कोकरं यायची त्याच्या आदल्या रात्री
मी उठले आणि शेगडीचं दार उघडलं.
लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो,
घरभर.
सकाळी आईने खिडक्या उघडल्या.
वडिलांनी कॉफी प्यायली.
कुणी काही म्हणालं नाही.

एइदिसला यातलं काही सांगितलं नाही.
पिवळी पेटी पुढे सरकवली फक्त.

एकदा वास घेऊ? तिने विचारलं.

नियमावलीत वासाबद्दल काही नाही.
मी मान वळवून घड्याळ पाहिलं. चार वीस.
तिने डावा हातमोजा नाकाशी धरला,
बराच वेळ,
पाण्याखाली जाण्याआधी
माणूस छाती भरून घेतो तसा.
मग दोन्ही टाकले. कोपरापर्यंत हात धुतले.
पावती मागितली.
मी लिहिलं: हातमोजे, चामडी, वापरलेले, जोड एक.
घोडीसाठी रकाना नव्हता.

ती काचेच्या दारातून बाहेर गेली.
बाहेर अजून अंधार, आणि वारा,
म्हणजे मुग्गा पडणार नव्हता.

पाळी संपताना दिसलं,
माझ्या बाहीवर एक केस चिकटलाय.
करडा, लांब, टोकाला जरासा पांढरा.
दिव्याखाली धरला.
मग चिकटपट्टीने काढून
पेटीत टाकला
आणि नोंदवहीत तिच्या नावाखाली
माझं नाव लिहिलं.